अमेरिकेचा झेंडा आणि अमेरिकेचं दार

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात अमेरिका दोनदाच नीट भेटायची. एकदा बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकताना, आणि नंतर थेट पर्ल हार्बरवर बॉम्ब पडताना. मधली दीडशेहून अधिक वर्षं जवळजवळ कोरीच होती. पर्ल हार्बर आहे हवाई बेटांवर, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरहून लांब, पॅसिफिक महासागराच्या मधोमध. तिथे अमेरिकेचं आरमार मुळात कशासाठी उभं होतं, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. ‘थोडक्यात टिपा लिहा’मध्येही नाही.

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने सांगितलं, की मधल्या सुट्टीच्या आणि सहलीच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू दुसरं काहीतरी लिही. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण आपल्या बॅचमधल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसांच्या खालोखाल चर्चा होते ती व्हिसाची आणि ग्रीन कार्डाच्या रांगेची. म्हणून ही मधली कोरी पानं थोडी भरून काढावीत असं वाटलं.

या काळाबद्दल वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या वर्षांत अमेरिका समुद्रापलीकडे झेंडे रोवत होती, त्याच वर्षांत ती स्वतःचं दार एकेका समाजासाठी बंद करत होती. पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रत्यक्षात माणसं तीच होती आणि बऱ्याचदा युक्तिवादही तोच होता.

दार बंद होण्याची सुरुवात

सुरुवात रेल्वेपासून करू. अमेरिकेचे दोन्ही किनारे जोडणारा लोहमार्ग १० मे १८६९ रोजी यूटामधल्या प्रॉमंटरी इथे पूर्ण झाला. पश्चिमेकडून सिएरा नेवाडाचे डोंगर फोडत आलेल्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे बहुसंख्य मजूर चिनी होते. काम संपलं, पुढे १८७३ पासून मंदी आली, आणि चिनी लोक कमी मजुरीवर राबून आमच्या पोटावर पाय देतात अशी ओरड कॅलिफोर्नियात सुरू झाली.

१८८२ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला. चिनी मजुरांना दहा वर्षं प्रवेशबंदी, आणि कोणत्याही न्यायालयाने चिनी माणसाला नागरिकत्व द्यायचं नाही. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक आणि प्रवासी यांना सूट होती. १८९२ मध्ये मुदत दहा वर्षांनी वाढली आणि चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला सक्तीचा झाला. १९०२ मध्ये बंदी पुन्हा वाढली, आणि १९०४ मध्ये मुदतच काढून टाकली. बंदी उठली ती १९४३ मध्ये, कारण जपानविरुद्धच्या युद्धात चीन आता मित्र होता. तेव्हाही चिन्यांसाठी वर्षाला जागा ठेवल्या १०५.

याच काळात न्यूयॉर्कच्या बाजूने मात्र लोंढा आत येत होता. एलिस बेटावरचं तपासणी केंद्र १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं. एकट्या १९०७ सालात तिथून दहा लाखांहून अधिक लोक आत आले. त्यांत इटालियन होते, पोलिश होते, रशियातले ज्यू होते. म्हणजे देशाला माणसं नको होती असं नाही. कोणती माणसं हवीत हे ठरवणं चाललं होतं, आणि त्या बोटींतून उतरणाऱ्यांकडेही संशयाने पाहणारे लोक होतेच. बोस्टनमध्ये हार्वर्डच्या काही पदवीधरांनी १८९४ मध्ये स्थलांतरावर निर्बंध आणण्यासाठी एक संघटना काढली. येणाऱ्याला वाचता यायलाच हवं अशी अट घाला, ही तिची मुख्य मागणी होती. गरीब, अशिक्षित दक्षिण आणि पूर्व युरोपीयांना नाव न घेता गाळायची ती सोय होती.

१८९८ चं वर्ष

आता झेंड्याकडे वळू. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री क्युबातल्या हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली. अडीचशेहून अधिक खलाशी गेले. वृत्तपत्रांनी स्पेनला दोषी ठरवून टाकलं आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. १ मे रोजी अमेरिकेच्या आरमाराने मनिलाच्या उपसागरात स्पेनचा ताफा एका सकाळीत संपवला. जुलैमध्ये हवाई बेटं अमेरिकेला जोडली गेली. १० डिसेंबरला पॅरिसमध्ये तह झाला. पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स अमेरिकेकडे आले, आणि फिलिपिन्ससाठी स्पेनला दोन कोटी डॉलर मिळाले. क्युबा नावापुरता स्वतंत्र झाला, पण तिथे हस्तक्षेप करायचा हक्क अमेरिकेने राखून ठेवला.

फिलिपिनो लोकांना मात्र कोणी विचारलं नाही. एमिलिओ आगिनाल्दो यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी १२ जून १८९८ रोजीच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्यांची नव्या मालकांशी लढाई जुंपली. १९०२ मध्ये अमेरिकेने युद्ध संपल्याचं जाहीर केलं, तोवर अमेरिकेचे चार हजारांहून अधिक सैनिक आणि फिलिपिन्सचे सुमारे वीस हजार सैनिक मेले होते. लढाई, उपासमार आणि रोगराई यांत गेलेल्या सामान्य माणसांचा अंदाज सहसा दोन लाखांचा किंवा त्याहून जास्त दिला जातो.

हवाईची गोष्ट आणखी जुनी. तिथल्या साखरेच्या मळ्यांचे मालक बहुतेक अमेरिकी वंशाचे होते. १८८७ मध्येच अमेरिकेने पर्ल हार्बर वापरायचा हक्क मिळवला होता. १८९३ मध्ये मळेवाल्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं, आणि त्या वेळी अमेरिकेचे नौसैनिक होनोलुलूत उतरले होते. पाच वर्षांनी बेटं अमेरिकेत सामील झाली. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

हवाई जोडून घेणाऱ्या त्या ठरावातच एक कलम आहे. यापुढे चिनी माणसांनी हवाईत यायचं नाही, आणि हवाईत आधीपासून असलेल्या चिन्यांनी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जायचं नाही. जमीन घेतली त्याच कागदावर तिथल्या माणसांच्या येण्यावर बंदीही लिहिली गेली. १९०२ च्या कायद्याने फिलिपिन्सलाही हेच लागू केलं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं, तर सर्व्हर ताब्यात घेतला, पण त्यावरच्या वापरकर्त्यांना लॉगिन द्यायचं नाही असं आधीच ठरवून ठेवलं.

एकाच राज्याचे दोन सिनेटर

या सगळ्याला अमेरिकेत विरोध झाला नाही असं नाही. मॅसॅच्युसेट्सचे दोन सिनेटर पाहा. दोघेही रिपब्लिकन पक्षाचे. हेन्री कॅबट लॉज यांनी साक्षरतेच्या अटीचं विधेयक १८९६ मध्ये सिनेटमध्ये लढवलं, आणि दोन वर्षांनी फिलिपिन्स घ्यायला हवं म्हणून तितक्याच हिरीरीने ते उभे राहिले. दुसरे जॉर्ज फ्रिस्बी होर. १८८२ मध्ये चिनी बंदीला त्यांनी विरोध केला, कारण अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान म्हटली आहेत. १८९९ मध्ये तहाच्या विरोधात मत देणाऱ्या दोन रिपब्लिकनांपैकी ते एक होते. ज्यांचं राज्य त्यांच्या संमतीने, हे तत्त्व बोस्टनला लागू असेल तर मनिलालाही लागू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. दोन-तृतीयांशासाठी ५६ मतं लागत होती, म्हणजे फक्त एक मत जास्त.

पण विरोधकांकडे पाहून लगेच हार घालायला जाऊ नये. साम्राज्यविरोधी संघटनेत मार्क ट्वेन होते, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी होते, आणि मजूर संघटनांचे पुढारी सॅम्युअल गॉम्पर्सही होते. गॉम्पर्स चिनी बंदीचे कट्टर पुरस्कर्ते. बेटं आपली झाली तर तिथले आशियाई मजूर आपल्याकडे येतील, ही त्यांची भीती होती. दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर बेन टिलमन यांचा विरोध तर उघड वंशद्वेषातून होता. गोऱ्यांखेरीज आणखी माणसं आपल्या देशात नकोत, म्हणून बेटंही नकोत. म्हणजे ‘ते आपल्यापेक्षा खालचे, म्हणून त्यांच्यावर राज्य करू’ असं एक बाजू म्हणत होती, आणि ‘ते खालचे, म्हणून त्यांना लांब ठेवू’ असं दुसऱ्या बाजूचे बरेच जण म्हणत होते. होर यांच्यासारखे, दोन्ही वाक्यांचा पहिला भागच नाकारणारे, थोडे होते.

न्यायालयात गेलेली माणसं

वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ मध्ये जन्मलेला स्वयंपाकी. आईवडील चिनी. १८९५ मध्ये चीनहून परत येताना त्याला बंदरातच अडवलं. तू चिनी आहेस, नागरिक नाहीस. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २८ मार्च १८९८ रोजी, म्हणजे ‘मेन’ बुडाल्यावर सहा आठवड्यांनी, न्यायालयाने सहा विरुद्ध दोन असा निकाल दिला की चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला तो नागरिकच आहे. आपल्या बॅचमधल्या कित्येकांची मुलं जन्माने अमेरिकी आहेत ती या स्वयंपाक्याच्या खटल्यामुळे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश काढला आणि प्रकरण न्यायालयांत गेलं, तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीचं हेच नाव पुन्हा सगळीकडे ऐकू आलं.

दुसरा खटला संत्र्यांचा. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात घेतली गेली. व्यापारी म्हणाला, पोर्तो रिको आता अमेरिकाच आहे, मग जकात कसली? १९०१ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की ते बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण अमेरिकेचा भाग नाही. त्यामुळे घटनेतली सगळी कलमं तिथे आपोआप लागू होत नाहीत. संत्र्यांचा निकाल लागला, पण तोच माणसांनाही लागू झाला.

१९०२ मध्ये इसाबेल गोन्सालेस ही पोर्तो रिकोची तरुणी एलिस बेटावर उतरली. ती गरोदर होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि ही सरकारवर भार होईल असं सांगून तिला परदेशी म्हणून अडवलं. खटला चालू असतानाच तिचं लग्न झालं. तेवढं सांगितलं असतं तर तिला आत सोडलं असतं. तिने ते सांगितलं नाही, कारण आता प्रश्न तिच्या एकटीचा राहिला नव्हता. पोर्तो रिकोची माणसं परकी की आपली, हे तिला न्यायालयाकडून ऐकायचं होतं. जानेवारी १९०४ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की ती परकी नाही. नागरिक आहे का, यावर मात्र न्यायालय गप्प राहिलं. नागरिकत्व १९१७ मध्ये कायद्याने मिळालं. आजही पोर्तो रिकोत राहणारा अमेरिकी नागरिक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही.

शाळांची गोष्ट

हे शाळेच्या स्मरणिकेत येणार म्हणून दोन शाळांचं सांगायलाच हवं.

ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाचं जहाज मनिलाला पोचलं. त्यात सैनिक नव्हते, सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक होते. फिलिपिन्सच्या गावोगावी जाऊन त्यांनी इंग्रजी शाळा चालवल्या. त्यांतले काही जण कॉलऱ्याने तिथेच मेले. या शाळांत मुलं वॉशिंग्टन आणि लिंकन यांचे धडे शिकली. शिकवणाऱ्यांतले बरेच जण प्रामाणिक आणि कष्टाळू होते यात शंका नाही. पण ज्या देशाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा धडा ते शिकवत होते, त्याच देशाने या मुलांच्या वडिलांचं स्वातंत्र्ययुद्ध नुकतंच मोडून काढलं होतं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीलाही इंग्रजांच्या शाळेत अशाच विसंगतीतून जावं लागलं होतं, त्यामुळे आपल्याला हे समजायला अवघड नाही.

दुसरी शाळा सॅन फ्रान्सिस्कोची. एप्रिल १९०६ मध्ये तिथे मोठा भूकंप आणि आग झाली. ऑक्टोबरमध्ये शाळा मंडळाने हुकूम काढला, की जपानी मुलांनी इतर मुलांबरोबर बसायचं नाही, चिनी मुलांसाठीच्या वेगळ्या शाळेत जायचं. सगळ्या शहरात अशी मुलं होती ९३. रशियाला नुकतंच हरवलेल्या जपानने याला राष्ट्राचा अपमान मानलं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मध्ये पडून मुलं पुन्हा शाळेत बसवली, पण त्याच्या बदल्यात जपानने आपल्या मजुरांना पारपत्रं देणं थांबवायचं कबूल केलं. हवाईतून मुख्य भूमीवर येणारे जपानी आणि कोरियन मजूरही १९०७ च्या हुकमाने थांबवले. ९३ मुलांच्या बाकांवरून सुरू झालेलं भांडण एका देशाच्या मजुरांना दार बंद करून संपलं.

आपली माणसं

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, चिनी बंदीच्या दुसऱ्याच वर्षी. कायद्यात हिंदुस्थानचं नाव नव्हतं. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई गेल्या आणि त्यांनी परत आल्यावर त्या देशावर मराठीत पुस्तक लिहिलं. एकेकट्या येणाऱ्या विद्वान पाहुण्यांचं स्वागत झालं. पण पंजाबी मजूर लाकडाच्या गिरण्यांत दिसू लागले, तसं चित्र पालटलं. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावाने त्यांना घराघरांतून ओढून गावाबाहेर हाकललं. याच किनाऱ्यावर पुढे गदर पक्ष उभा राहिला. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे शिकायला तिकडे गेले होते, तेही गदरमध्ये सामील झाले. पिंगळे यांना १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली.

१९१७ मध्ये संसदेने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून नवा कायदा केला. साक्षरतेची अट अखेर आली, आणि नकाशावर एक पट्टा आखून त्यातल्या जवळजवळ सगळ्या आशियाई देशांना दार बंद झालं. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा खटला निकाली निघाला. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. ज्यांना नागरिकत्व आधी मिळालं होतं, अशा काहींचं काढूनही घेतलं. १९२४ च्या कायद्याने जपानलाही पूर्ण बंदी आली, आणि युरोपीय देशांचे वाटे १८९० च्या जनगणनेवरून ठरवले. इटालियन आणि ज्यू मोठ्या संख्येने येण्याआधीची ही जनगणना होती. आकडेवारीचं काम करणाऱ्यांना यातली चलाखी लगेच कळेल: निष्कर्ष आधी ठरवायचा आणि मग त्याला जुळणारं आधारवर्ष शोधायचं.

दार लावण्यासाठी सोडलेला देश

या सगळ्यांतून एक समाज सुटला होता. फिलिपिन्स अमेरिकेचंच, त्यामुळे फिलिपिनो माणूस कायद्याने परका नव्हता. नागरिकही नव्हता. पण त्याला बोटीत चढण्यापासून अडवता येत नव्हतं. चिनी, जपानी, हिंदी मजूर बंद झाल्यावर हवाईचे मळे आणि कॅलिफोर्नियाची शेतं फिलिपिनो तरुणांवर चालू लागली. १९३० पर्यंत मुख्य भूमीवर ते सुमारे ४५ हजार झाले. त्यांतले अनेक जण त्या ‘थॉमस’च्या परंपरेतल्या शाळांत शिकलेले, अमेरिका आपली समजून आलेले. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिल गावात जमाव त्यांच्यावर तुटून पडला, आणि फर्मिन तोबेरा हा तरुण मजूर झोपडीत गोळी लागून मेला.

आता यांना थांबवायचं कसं? जोवर देश आपला, तोवर माणसं परकी ठरत नाहीत. तेव्हा १९३४ मध्ये कायदा झाला, की दहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतर फिलिपिन्सला स्वातंत्र्य द्यायचं. स्वातंत्र्य पुढे, पण स्थलांतराच्या दृष्टीने फिलिपिनो माणूस लगेच परका, आणि वर्षाला जागा ५०. फिलिपिनो नेते स्वातंत्र्यासाठी किती वर्षं झगडत होते हे विसरून चालणार नाही. पण वॉशिंग्टनमध्ये त्यांना जी मतं मिळाली, त्यांतली कितीतरी दार लावू पाहणाऱ्यांची होती. टिलमन आणि गॉम्पर्स यांनी १८९९ मध्ये जो हिशोब मांडला होता, तोच पस्तीस वर्षांनी कायदा होऊन आला.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. १९४६ मध्ये हिंदुस्थानला वर्षाला १०० जागा मिळाल्या, आणि १९६५ च्या कायद्याने देशवार वाटे गेले. आपल्या ओळखीचे डॉक्टर-इंजिनिअर तिकडे गेले ते त्यानंतर. तरीही नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत ही मर्यादा आहेच, आणि रांगेत आपला नंबर लागतो तो अजूनही जन्मदेशावरून.

हे सगळं अमेरिकेला नावं ठेवण्यासाठी लिहिलेलं नाही. वाँग किम आर्कला न्याय देणारं न्यायालय तिथलंच होतं आणि होरही तिथलेच. मला एवढंच वाटतं, की कोणत्याही देशात, आपल्याही, कोण आतला आणि कोण बाहेरचा यावर वाद सुरू झाला, की त्याच वेळी त्या बाहेरच्या माणसाच्या श्रमातून, जमिनीतून किंवा बाजारातून आपण काय घेतो आहोत, हेही विचारावं. जमेची बाजू झाकून फक्त खर्च वाचून दाखवणारा हिशोब शाळेत आपल्या गणिताच्या बाईंनी कधी तपासूनही घेतला नसता.

तिकडच्या मित्रमैत्रिणींना एक सुचवते. सॅन फ्रान्सिस्कोला गेलात तर गोल्डन गेटच्या फोटोनंतर बोटीने एंजल बेटावर जा. १९१० ते १९४० मध्ये चिनी माणसांना तिथल्या लाकडी बराकींत आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने डांबून ठेवत. घराला किती पायऱ्या, तांदळाचा डबा कुठे असतो, असले प्रश्न बापाला वेगळे आणि मुलाला वेगळे विचारत, आणि उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवत. त्या माणसांनी भिंतींवर कोरलेल्या कविता अजून वाचता येतात. आणि इकडे संमेलनाला येणाऱ्या सगळ्यांशी, विशेषतः आपल्या इतिहासाच्या सरांशी, या मधल्या पानांवर वाद घालायला मला आवडेल. सरांना यात काही खटकलं तर त्यांनी नेहमीसारखं लाल शाईने खूण करून द्यावं.